अर्ज नेमका कुणाचा उचलला जातो? जीसॉक, आउटरीची आणि एलएफएक्सबद्दल भुसावळहून

गूगल समर ऑफ कोड, म्हणजे पोरांच्या तोंडचं जीसॉक, हा ओपन सोर्स प्रकल्पांवर (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो) उन्हाळ्यात स्टायपेंड घेऊन काम करण्याचा उपक्रम. आउटरीची आणि एलएफएक्स हे तसलेच, त्यांचं पुढे सांगते. जीसॉकमध्ये तुमची निवड गूगल करत नाही. गूगल पैसे देतं, वेळापत्रक आखतं, असे प्रकल्प चालवणाऱ्या कोणत्या संस्थांना घ्यायचं ते ठरवतं आणि शेवटी कोणाला किती जागा ते सांगतं. तुमचा अर्ज वाचणारा माणूस एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, असतो. दिवसा त्याची नोकरी असते, रात्री घरचं आवरल्यावर तो लॅपटॉप उघडतो आणि हे काम बहुतेक वेळा बिनपगारी करतो. हे एकदा डोक्यात बसलं की निवडीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मी आधी कॉन्ट्रिब्युटर (योगदान देणारी) होते, मग मेंटॉर झाले, आणि आता एका मध्यम आकाराच्या प्रकल्पात अर्जांची क्रमवारी लावणाऱ्यांपैकी एक आहे. राहते भुसावळला. दिवाळी सरली की जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरकडून मेसेज यायला लागतात. काही मराठीत, काही मोडक्या इंग्रजीत, काही सरळ अहिराणीत: "ताई, मनं सिलेक्शन व्हई का?" तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी जागांचा हिशेब. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात त्या वर्षीच्या संस्थांची यादी लागते; 2025 साली त्या 185 होत्या. प्रत्येक संस्थेचं प्रकल्प-कल्पनांचं एक पान असतं. अर्ज घेणं साधारण दोन आठवडे चालतं आणि मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतं. एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन प्रपोजलं, म्हणजे कामाचे प्रस्ताव, टाकता येतात, निवड मात्र एकाच ठिकाणी होते. मुदत संपली की आम्ही वाचायला बसतो, क्रम लावतो आणि गूगलला दोन आकडे कळवतो: किमान किती जागा हव्यात आणि कमाल किती पेलवतील. त्यावरून गूगल जागा देतं. नव्या संस्थेला पहिल्या वर्षी एकदोनच मिळाल्या तरी नवल नाही. निकाल एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो.

2025 मध्ये 15,000हून जास्त लोकांनी मिळून 23,000हून जास्त प्रपोजलं टाकली आणि निवड झाली 1,300च्या आत लोकांची. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण त्या ढिगाऱ्यातली मोठी रास वाचणाऱ्याच्या पहिल्या पाच मिनिटांत बाजूला जाते. खरी चुरस त्यानंतर उरलेल्यांत असते आणि तिथे हुशारीपेक्षा वेगळ्याच गोष्टी मोजल्या जातात.

समजा आमच्या पानावर सहा कल्पना आहेत आणि उन्हाळाभर वेळ देऊ शकणारे मेंटॉर चारच. मग आम्ही चारपेक्षा जास्त जागा मागणारच नाही. पाचवं प्रपोजल कितीही सुंदर असो, त्याला सांभाळणारं माणूस नाही. दुसरी अडचण अशी की एका कल्पनेवर सहसा एकालाच घेतात. ज्या कल्पनेच्या नावात 'एआय' आहे तिथे उड्या पडतात. शेजारीच कोड तपासणारी टेस्ट-यंत्रणा सुधारण्याची कंटाळवाणी दिसणारी कल्पना असते, तिच्याकडे जेमतेम दोनतीन जण वळतात. दोन्हींना जागा एकेकच. कुठे अर्ज करायचा ते तुम्हीच ठरवा, पण हे माहीत असू द्या. आणि त्या कंटाळवाण्या कल्पनेचा मेंटॉर बहुधा प्रकल्पातला सगळ्यात जुना माणूस असतो, हे वरकड.

तेव्हा "मी पुरेसा हुशार आहे का?" हा प्रश्न सोडा. "या प्रकल्पात मला ओळखणारा आणि माझ्यासाठी वेळ काढायला तयार असलेला एक मेंटॉर आहे का?" हे विचारा. क्रमवारीच्या बैठकीत प्रत्येक अर्जावर आम्ही एकमेकांना हेच विचारतो: याला कोण घेणार? कुणी हात वर केला नाही की अर्ज खाली सरकतो.

कॉलेजचं नाव, टक्केवारी, सीजीपीए यांचं काय? मी ज्या ज्या बैठकांना बसले त्यात हा विषय निघालेला मला आठवत नाही. केळीचा व्यापारी सावद्या-रावेरला येतो तेव्हा बागेत शिरून घड बघतो, सातबारा मागत नाही. लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी जोडलेलं इंजिनिअरिंग कॉलेज असो, बहिणाबाई विद्यापीठाचं बीसीए असो की आणखी काही, मेंटॉरला त्यातलं काही कळतही नाही. 2022पासून तर विद्यार्थी असण्याचीही अट राहिलेली नाही. 18 पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलात की पुरे. नोकरी लागून वर्ष झालेल्या आणि आता अर्ज करता येत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

सुरुवात कधी आणि कुठून

यादी लागल्यावर जागं होणाऱ्यांना उशीर झालेला असतो. मागच्या वर्षांच्या संस्था आणि त्यांचे पूर्ण झालेले प्रकल्प जीसॉकच्या संग्रहात सगळ्यांना बघता येतात. त्यात वर्षानुवर्षं येणाऱ्या संस्था शोधा. त्या यंदाही येतील याची हमी नसते, पण शक्यता बरी असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अशा एकदोन प्रकल्पांत हात घाला. तीन नको, पाच तर नकोच.

निवडताना स्वतःच्या लॅपटॉपकडे बघा. ही गोष्ट पुण्या-बेंगळुरूची मंडळी सांगत नाहीत, कारण त्यांना ती अडत नाही. लिब्रेऑफिससारखा अवाढव्य प्रकल्प जुन्या लॅपटॉपवर बिल्ड करायला, म्हणजे कोडवरून चालणारं सॉफ्टवेअर बनवायला, तासन्‌तास लागतात. त्यात मध्येच लाइट गेली आणि बॅटरी बसली की बसा परत पहिल्यापासून. पायथन, जावास्क्रिप्ट, गो असे हलके प्रकल्प आठ जीबीच्या मशीनवर व्यवस्थित चालतात. मोबाइलच्या डेटावर असाल तर रिपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) सगळा इतिहास उतरवू नका. गिट क्लोन करताना, म्हणजे कोडची प्रत उतरवताना, डेप्थ 1 दिली की काम भागतं, पुढे गरज पडली तर बाकीचा इतिहास आणता येतो.

प्रकल्प जिवंत आहे ना, हेही तपासा. गेल्या महिन्याभरातले पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल) उघडा. बाहेरच्या माणसाच्या पीआरला किती दिवसांत उत्तर मिळालं? उत्तर देणाऱ्याचा सूर कसा होता? दोन-दोन महिने पीआर तसेच पडून असतील तर तो प्रकल्प कितीही नावाजलेला असो, सोडून द्या. उन्हाळ्यात तुमच्याही वाट्याला तेच येईल.

पहिली ओळख

सगळ्यात जास्त येणारा मेसेज मराठीत सांगायचा तर असा असतो: "आदरणीय सर, मी तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. मला सी, सी++, जावा, पायथन, एचटीएमएल येतं. मला तुमच्या संस्थेत योगदान देण्याची फार इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे." शिवाय तो खासगीत पाठवलेला. यात उत्तर देण्याजोगं काही नसतं. मेंटॉर उद्धट असतो असं नाही, पण याचं उत्तर "आमचं कॉन्ट्रिब्युटिंगचं पान वाचा" एवढंच होऊ शकतं, आणि ते पान तुम्ही आधीच वाचायला हवं होतं. 'सर' तर लिहूच नका. समोर बाई असू शकते, आणि या जगात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. आपल्याकडे वडीलधाऱ्याला नावाने हाक मारायला जीभ वळत नाही हे मला कळतं. सुरुवातीला मलाही जड गेलं होतं. सवय होते.

आता दुसरं उदाहरण. आमचा प्रकल्प सीएसव्ही फायली, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले तक्ते, वाचतो. चोपड्याकडच्या एका मुलीने त्यात गावच्या दूध डेअरीच्या नोंदी घालून पाहिल्या. आकडे देवनागरीत टाइप केलेले होते. तिने सार्वजनिक जागी इश्यू (अडचणीची नोंद) लिहिला. मी काय केलं: या तीन ओळींची फाइल आयात केली. काय व्हायला हवं होतं: '१२' ही संख्या धरली जायला हवी. काय झालं: ती मजकूर म्हणून आली आणि बेरीज शून्य दाखवली. खाली आवृत्ती, ब्राउझर आणि ती तीन ओळींची फाइल. बस्स. स्वतःचा परिचय नाही, विनवणी नाही.

मी विचारलं, दुरुस्ती कुठे करावी असं तुला वाटतं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही, एनएएन ('ही संख्या नाही') देतं, त्यामुळे त्याआधी युनिकोडमधले (संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांक-यादीतले) 0966 ते 096एफ हे दहा अंक साध्या अंकांत बदलून घ्यावे लागतील, आयातीचं काम अमुक फाइलमध्ये होतं, तिथे हे घालता येईल. आणि तिचाच एक प्रश्न: '१2' असं मिश्र कुणी टाइप केलं तर स्वीकारायचं की चूक दाखवायची? दुरुस्ती जेमतेम पंधरा ओळींची होती. पण त्या प्रश्नावर आमच्या तिघांची चर्चा झाली, कारण आमच्यापैकी कुणी त्याचा विचारच केलेला नव्हता. आम्ही स्वीकारायचं ठरवलं, तिने त्याची टेस्ट लिहिली, पीआर मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये गेला. पुढे मार्चमध्ये तिचं प्रपोजल उघडलं तेव्हा हात वर करायला मी एकटी नव्हते.

बघा, तिला काम करताना आम्ही आधीच पाहिलं होतं. प्रश्न कसा मांडते, उत्तर द्यायला किती वेळ घेते, अडली तर सांगते की गायब होते, चूक दाखवली तर रागावते का. प्रपोजलमध्ये या गोष्टी दिसत नाहीत आणि मेंटॉरला तर नेमक्या त्याच हव्या असतात, कारण पुढचे तीन महिने त्याला तुमच्यासोबत काढायचे असतात.

काही संस्थांनी ही पारख नियमातच बसवली आहे. गिट प्रकल्प अर्जदारांना आधी एक छोटं काम, मायक्रोप्रोजेक्ट, पूर्ण करायला लावतो. सिम्पाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत अर्जदाराचा किमान एक पॅच (कोडमधला बदल) स्वीकारला गेलेला असावा लागतो. यंत्रभाषांतराचा अपर्टियम प्रकल्प प्रत्येक कल्पनेला कोडिंगचं आव्हान जोडून देतो. ही अट टाळून प्रपोजल टाकणाऱ्यांचे अर्ज वाचलेही जात नाहीत, आणि दर वर्षी असे अर्ज येतात.

छोट्या कामाचा अर्थ रीडमी या माहितीच्या फाइलमधला स्वल्पविराम बदलणं असा घेऊ नका. ऑक्टोबरात पीआर करणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट उपक्रमात 2020 साली असल्या पीआरचा इतका पूर आला की भाग घ्यायला प्रकल्पाची आधी संमती हवी, असा नियम आयोजकांना करावा लागला. मेंटॉर लोक ते अजून विसरलेले नाहीत. तसंच "प्लीज असाइन मी" (हे काम मला द्या) असं दहा इश्यूंवर लिहून एकावरही काम न करणं. ती नावं लक्षात राहतात, आणि चांगल्यासाठी नाही.

प्रपोजल

प्रपोजल पीडीएफ म्हणून चढवायचं असतं आणि मुदत संपेपर्यंत बदलून परत चढवता येतं. मुदत युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे संध्याकाळी 6 वाजता संपते, म्हणजे आपल्याकडे रात्री 11.30. मिनिटभर उशीर झाला तरी दार बंद, कुणाच्या विनंतीने उघडत नाही. म्हणून निदान आठवडाभर आधी एक बरी आवृत्ती चढवून ठेवा. त्या रात्री तुमच्याच डीपीचा फ्यूज उडायचा, काही सांगता येत नाही.

मसुदा मात्र त्याच्याही बराच आधी मेंटॉरला दाखवा. आम्ही मसुद्यावर टिपा लिहितो, "हे आठवड्यात होणार नाही", "हे आधीच कुणी केलं आहे, इथे बघ". शेवटच्या दोन दिवसांत मात्र पंधरावीस मसुदे एकदम येतात आणि कुणालाच नीट उत्तर मिळत नाही.

आत काय असावं? माझ्या मते तीनच गोष्टी वजनदार असतात. एक, अडचण तुमच्या शब्दांत. कल्पनांच्या पानावरचा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवलेला दिसला की मी तिथेच थांबते. दोन, उपाय, आणि तो कोडमध्ये नेमका कुठे बसणार: कोणतं मॉड्यूल, कोणतं फंक्शन, आज ते काय करतं, उद्या काय करेल. तीन, आठवड्यांचं वेळापत्रक, ज्यात टेस्ट आणि दस्तऐवज शेवटच्या आठवड्यात कोंबलेले नाहीत. "आठवडा 1 ते 4: कोड समजून घेणे" असं लिहिणाऱ्याला मी घेत नाही. ते तुम्ही जानेवारीतच करायचं होतं.

आकारमानही बघा. सध्या प्रकल्प साधारण 90, 175 किंवा 350 तासांचे असतात आणि कोणती कल्पना किती तासांची ते पानावर लिहिलेलं असतं. 350 तासांचं काम 175 तासांत करून दाखवतो, अशी बढाई मारू नका. त्यातून तुम्हाला कामाचा अंदाज नाही एवढंच आम्हाला कळतं.

आता खानदेशातल्या पोरांसाठी खास. आपल्या परीक्षा मे-जूनमध्ये रेंगाळतात आणि जीसॉकचं कोडिंग मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सुरू होतं. हे लपवू नका. पुष्कळ जण परीक्षेचा उल्लेखच करत नाहीत, निवड होते, आणि पहिल्या तीन आठवड्यांत पत्ता नसतो. तारखा स्पष्ट लिहा: "अमुक ते अमुक सेमिस्टर परीक्षा, त्या काळात आठवड्याला दहा तास, नंतर चाळीस." वेळापत्रक बाहेर आलं नसेल तर गेल्या वर्षीच्या तारखा द्या आणि तसं सांगा. नेहमीचा कोडिंग काळ 12 आठवड्यांचा असला तरी मेंटॉरच्या संमतीने मध्यम आणि मोठे प्रकल्प 22 आठवड्यांपर्यंत लांबवता येतात. निवडीआधीच विचारलंत तर कुणी वाईट मानत नाही, उलट हा माणूस आखून काम करतो असं मत होतं.

विजेचंही तसंच. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा दुपारी लाइट जाणारच. दुपारी काम होत नसेल तर पहाटे आणि रात्री करतो असं लिहा. युरोपातल्या मेंटॉरशी बोलायला रात्री साडेआठची वेळ उत्तम. तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यातले संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, आणि त्याला नोकरीतून उठून तुमच्याशी बोलता येतं.

एआयने लिहिलेल्या प्रपोजलांबद्दल विचारलंच जातं. इंग्रजी सुधारायला वापरलंत तर माझी हरकत नाही, संस्थेचे याबाबतचे नियम मात्र आधी वाचा. पण पूर्ण प्रपोजल एआयने लिहिलेलं असलं की ते कळतं. गुळगुळीत, भरगच्च, आणि आमच्या कोडमध्ये नसलेल्या फंक्शनांची नावं त्यात असतात. एकाच कल्पनेवर अशी आठ प्रपोजलं आली की आठही जुळी भावंडं दिसतात. शंका आली तर आम्ही बोलायला बोलावतो आणि विचारतो: हे तिसऱ्या पानावरचं, असंच का? दुसरा मार्ग का नाही? ज्याने स्वतः विचार केला त्याला याचं उत्तर तोडक्या इंग्रजीतही देता येतं. तोडक्या इंग्रजीचं आम्हाला काही वाटत नाही. आमच्या संघात निम्म्यांची मातृभाषा इंग्रजी नाही.

जुनी यशस्वी प्रपोजलं नेटवर सापडतात. वाचा, खुशाल वाचा. उचलू मात्र नका. ती आम्हीही वाचलेली असतात.

आउटरीची, एलएफएक्स आणि फॉसी

इथे पैसे कुणाचे यावरून चाळण बदलते, म्हणून थोडक्यात सांगते.

आउटरीची हा उपक्रम लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या नोम प्रकल्पाने 2006 साली स्त्रियांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमातून वाढला. आता तो तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं अशा सगळ्यांसाठी आहे. तीन महिन्यांचे 7,000 डॉलर मिळतात, देश कोणताही असो. निवडीच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या अर्जात तुमच्या वाट्याला आलेल्या अडचणींबद्दल निबंध लिहायचे असतात आणि कॉलेजचं वेळापत्रक द्यायचं असतं. इथे पोरी फार मोघम लिहितात: "ग्रामीण भागातील मुलींना अनेक समस्या असतात." हे वर्तमानपत्रातलं वाक्य झालं. लॅबमध्ये चारच मशीन चालू आणि त्यावर मुलगेच बसायचे, संध्याकाळच्या एसटीच्या वेळेमुळे प्रॅक्टिकल अर्धं टाकून निघावं लागायचं, घरात एकच फोन आणि तो भावाकडे. जे घडलं ते लिहा. नंदुरबारकडच्या आदिवासी मुलींकडे सांगण्यासारखं किती असतं आणि संकोचाने त्या दोन ओळींत उरकतात.

पहिला अर्ज पास झाला की सुमारे महिनाभर निवडलेल्या प्रकल्पात योगदान द्यायचं. नोंदवलेलं योगदान नसेल तर अंतिम अर्जच करता येत नाही. जागा किती, हे त्या समुदायाने किती जणींचे पैसे उभे केले यावर ठरतं, त्यामुळे एका प्रकल्पाला एकच जागा असणं नेहमीचं. मे ते ऑगस्टच्या फेरीचे पहिले अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ही फेरी बघायची, डिसेंबरची नाही. एक बारीक नियम लक्षात ठेवा: जीसॉक आधी करून झालं असेल तर आउटरीचीला तुम्ही अपात्र ठरता. पात्र असणाऱ्या मुलींनी क्रम विचार करून ठरवावा. मी तर आधी आउटरीची बघा म्हणते.

लिनक्स फाउंडेशनच्या एलएफएक्स मेंटॉरशिपच्या वर्षात तीन फेऱ्या होतात: मार्च, जून आणि सप्टेंबरपासून. इथे लांबलचक प्रपोजलापेक्षा रेझ्युमे, अर्जपत्र आणि प्रकल्पाने सांगितलेलं काम बघतात. कुबरनेटीस (सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं सांभाळणारी प्रणाली) आणि क्लाउडच्या आसपासचे प्रकल्प इथे भरपूर. ज्याने त्या प्रकल्पात आधी दोनचार पीआर टाकले आहेत त्याच्या अर्जपत्राला वजन येतं. बाकी सगळं वर सांगितलं तेच.

आणि सगळं फारच दूरचं वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या, ओपन सोर्सचा शिक्षणात प्रसार करणाऱ्या फॉसी प्रकल्पाची उन्हाळी फेलोशिप बघा. तिथे दिलेलं स्क्रीनिंगचं काम पूर्ण करून दाखवायचं आणि त्यावर निवड. पहिलं पाऊल म्हणून चांगलं आहे.

पैसे आणि दलाल

जीसॉकचा स्टायपेंड देशातल्या क्रयशक्तीनुसार ठरतो. भारतासाठी गेली काही वर्षं मध्यम प्रकल्पाला 1,500 आणि मोठ्याला 3,000 डॉलर असा दर राहिला आहे. रक्कम दोन हप्त्यांत मिळते, मधल्या मूल्यमापनानंतर 45 टक्के आणि शेवटी 55. व्यवहार पायोनियर या पैसे पाठवणाऱ्या कंपनीमार्फत होतो. पॅन कार्ड नसेल तर आत्ताच काढा, आणि बँकेतलं, पॅनवरचं आणि मार्कशीटवरचं नाव एकसारखं करून घ्या. आपल्याकडे एका ठिकाणी वडिलांचं नाव आधी, दुसऱ्या ठिकाणी आडनाव आधी, तिसऱ्या ठिकाणी स्पेलिंगच वेगळं असतं. निकालानंतर ते निस्तरत बसावं लागतं.

"निवडीची हमी" म्हणून फी घेणारे क्लास निघाले आहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या बापाने कापसाच्या पैशातून अशी फी भरली. हातात आलं ते गेल्या वर्षीच्या प्रपोजलांचं पुडकं. या उपक्रमांत अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही आणि क्रमवारीच्या बैठकीत कुणाचा वशिला पोहोचत नाही. मला ओळखता म्हणूनही नाही. ओळखीच्या मुलाचा अर्ज आला तर मी त्यावर मतच देत नाही.

निकालानंतर

नाव नसेल तर सगळ्या संस्था कारण सांगत नाहीत. सार्वजनिक चॅनेलवर भांडू नका. मेंटॉरला एकदाच, सभ्यपणे विचारा की पुढच्या वेळी काय सुधारू. पुष्कळदा उत्तर येतं, "तू दुसऱ्या क्रमांकावर होतास, जागा एकच होती." ते खरं असतं. बैठकीत अशा अर्जांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवलेला असतो.

तुमचे अर्धवट पीआर असतील तर पूर्ण करा. निकाल लागला की नाव नसलेल्यांपैकी बहुतेक जण प्रकल्पातून नाहीसे होतात. जूनमध्येही जो रिव्ह्यूला (कोड तपासणाऱ्यांच्या शेऱ्यांना) उत्तर देत असतो त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या बैठकीत कुणाला आठवून द्यावं लागत नाही. मेच्या सुमारास एलएफएक्सच्या जूनच्या फेरीचे अर्जही निघतात. त्याच प्रकल्पाचं किंवा शेजारच्या प्रकल्पाचं नाव त्यात आहे का बघा. तुमचं प्रपोजल थोडं कापून अर्जपत्र होतं आणि पीआर तर तयारच असतात.